तुलनेचा गट

संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांच्या दोन ओळी होत्या. एकीखाली दुसरी, आणि वरच्या प्रत्येक ठिपक्याच्या बरोबर खाली खालचा ठिपका, एकाच सुईने दोन पदर शिवावेत तसे. मी आठवड्याचा फॉर्म द्यायला विद्यापीठातल्या त्या खोलीत गेलो होतो. खोलीत चालण्याचा एक पट्टा, कुठेही न जाणारी एक सायकल, एक वजनकाटा आणि टेबलामागे संशोधक मुलगी. तिने खुर्ची वळवली आणि म्हणाली, "काका, गंमत बघा. ही वरची पावलं काकूंची, आम्ही दिलेल्या मनगटी घड्याळाने टिपलेली. खालची त्यांच्या जोडीदाराची. एकत्र चालायला लागून दोनच आठवडे झालेत आणि पावलं कशी बरोबरीने पडताहेत बघा." जोडीदार हा तिच्या कामातला शब्द. वजनकाटा म्हणावं तितक्या साधेपणाने ती तो म्हणाली. मी म्हटलं, "छान आहे." फॉर्म टेबलावर ठेवला. त्या दारावर 'ओढा' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे आणि मला आता वाचता येतं, तरी मी ते दार दोनदा ढकललं.

घरी जाईपर्यंत ठिपके डोळ्यांपुढून हलले नाहीत. खरं तर या सगळ्यात पडायचं सुचवलं ते मीच. विद्यापीठाच्या मैदानावर मी एकतीस वर्षं नोकरी केली. पांढऱ्या रेषा मारणं, गवत कापणं, उड्या मारायच्या खड्ड्यातली वाळू चाळणं. निवृत्त झाल्यावरही तिथल्या फलकाशी थांबून सूचना वाचायची सवय राहिली, कारण वाचायला मी उशिरा शिकलो आणि उशिरा आलेली भूक लवकर जात नाही. तिथे लिहिलं होतं, साठीच्या पुढची माणसं हवीत, बारा आठवड्यांसाठी. म्हातारपणी सोबतीने चालल्यावर हृदय आणि मन सुधारतं का, याचा अभ्यास. मी हिला म्हटलं, चल, फुकटात छाती तपासून देतील. आम्ही दोघं गेलो. मुलीने समजावलं की दोन गट आहेत. एका गटाने आठवड्यातून तीन दिवस तलावाभोवती चाळीस मिनिटं चालायचं, अनोळखी माणसाबरोबर जोडी करून. नवरा-बायकोची जोडी चालत नाही, कारण त्यांच्यात आधीचं फार काही साठलेलं असतं. कोण कुठल्या गटात हे संगणक ठरवतो, म्हणजे कुणाची मर्जी मध्ये येत नाही. हिचं नाव चालणाऱ्यांत निघालं. माझं तुलनेच्या गटात. "म्हणजे मी काय करायचं?" मी विचारलं. "काहीच नाही काका. नेहमीसारखं राहायचं. दर आठवड्याला फॉर्म भरायचा. तुम्ही काही केलं नाहीत तरच त्यांच्या चालण्याने काय झालं ते आम्हाला कळणार." ही म्हणाली, "ते यांना जमेल. निवृत्तीपासून तेच करताहेत." खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. हिच्या बाजूच्या खुर्चीतला एक उंच माणूस जरा उशिरा हसला, आणि तेवढ्यावरून मी त्याला हेरून ठेवला. तोच हिचा जोडीदार निघाला. पूर्वी एका बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा, पुढे बँड चालवायचाही. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि शर्टाची वरची गुंडी नेहमी लावलेली.

मला वाटलं होतं, हे आठ दिवसांत विटेल. पण घरात मास्तर शिरले ते पाहुण्यासारखे नाही, कॅलेंडरसारखे शिरले. भिंतीवर एकदा लागलं की रोज दिसणारच. "मास्तर म्हणतात, पाणी घोट घोट प्यावं." "मास्तर म्हणतात, बुटाची नाडी वरच्या भोकापर्यंत ओवायची नाही, पाऊल सुजतं." एकदा मी चहा पीत होतो तेव्हा ही म्हणाली, "मास्तर म्हणतात, गरम चहा लगेच पिऊ नये." मी म्हटलं, "मास्तरांना म्हणावं, तुमचा बँड बंद पडला, आता आमच्या कपाला तरी सोडा." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, तुमच्या पोटात दुखतंय का?" "माझ्या पोटात कशाला दुखेल? दुखलं असतं तर फॉर्मात लिहिलं असतं." ती हसली आणि बूट घालायला गेली. नवे बूट, राखाडी, तळव्याला हिरवी पट्टी. माझ्याबरोबर एवढी वर्षं ती चपलेवर चालली.

फॉर्मात मी काय लिहीत होतो ते सांगायला हवं. त्यात बावीस प्रश्न, आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. गेल्या सात दिवसांत तुम्हाला अस्वस्थ वाटलं का. झोप मोडली का. लहानसहान गोष्टींनी चिडचिड झाली का. मी सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण करायचो. मला वाटायचं, तुलनेच्या गटातल्या माणसाने असंच असायला हवं, सपाट, पाणी मारून रोलर फिरवलेल्या मैदानासारखं. त्यात एक प्रश्न होता, 'आपल्याला कुणीतरी वगळलं आहे असं वाटलं का?' त्यापाशी पेन दर वेळी अडखळायचं. वगळणं हा शब्द मी वाचायला शिकत असताना पहिल्यांदा भेटला होता. मी हिला अर्थ विचारला होता. ती म्हणाली होती, "सोडून पुढे जाणं."

ती छापखान्यात बांधणीचं काम करायची. छापलेले ताव घडी घालून, क्रमाने लावून, दोऱ्याने शिवायची. अक्षरं तिला लहानपणापासून येत होती आणि मला येत नव्हती. लग्नात हे कुणी लपवलं नव्हतं आणि पुढे कुणी बोलूनही दाखवलं नाही. माझा आकड्यांशी संबंध होता, एक ते आठ, धावण्याच्या आठ रेषांचे आकडे. ते मी चुन्याने इतके सुबक काढायचो की बाहेरचे पंच विचारायचे, हे कुणी काढले. अक्षरांची मला कधी उणीव वाटली नाही. मग मी एकोणचाळीस वर्षांचा असताना एका दुपारी घरी लवकर आलो तर ही खिडकीत बसून वाचत होती. बांधणीत बिघडलेलं, कडा फाटलेलं एक पुस्तक तिने घरी आणलं होतं. वाचता वाचता ती हसली. मोठ्याने नाही. ओठाची एक कड वर गेली आणि तशीच राहिली, जणू समोर कुणीतरी बसून तिला काही सांगत होतं आणि तिला ते आधीच ठाऊक होतं. मी दारात उभा. ती मला बघून म्हणाली, "आलात? थांबा, एवढं पान." त्या एका पानाचा मला जो राग आला तो मी अजून विसरलेलो नाही. त्या पानात कोण होतं? काय म्हणाला तो? मी तिला विचारलं तर ती म्हणाली, "सांगून नाही कळायचं, वाचायला लागतं." दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, मला शिकव. तिला फार आनंद झाला. रद्दी तावांच्या कोऱ्या बाजूवर तिने मला अक्षरं काढून दिली. दोन वर्षांत मी वाचू लागलो. लोक म्हणाले, या वयात केवढी जिद्द. मीही जिद्दच म्हणत आलो. ते फाटकं पुस्तक मी पहिलं वाचून काढलं, पानन् पान, ती कुठे हसली असेल ते शोधत. सापडलं नाही. ज्या ज्या पानावर हसण्यासारखं काही होतं त्या पानावर ती हसली असेल असं मला वाटेना, आणि बाकीच्या पानांवर हसण्यासारखं काही नव्हतं.

ठिपके बघितल्यावरच्या त्या आठवड्यात बुधवारी ती निघाली आणि तिच्यामागून पाच मिनिटांनी मी निघालो. पहिल्यांदा मी स्वतःला सांगितलं की फाटकापर्यंत जातो. फाटकापाशी आल्यावर सांगितलं की वळणापर्यंत. तलावाचा रस्ता रुंद आहे, एका बाजूला पाण्याच्या कडेची भिंत, दुसऱ्या बाजूला झाडं आणि थोड्या थोड्या अंतरावर बाकं. सकाळी पळणारे, कुत्री घेऊन आलेले, बाबागाड्या ढकलणारे. त्या गर्दीत एका म्हाताऱ्याकडे कोण बघतो. मी साठ पावलं मागे राहिलो. अंतर मला नजरेने मोजता येतं, ते माझं कामच होतं. साठ पावलांवरून माणसं ओळखू येतात आणि बोलणं ऐकू येत नाही. मला वाटलं होतं मी त्यांचं बोलणं बघेन. हात कसे हलतात, कोण कुणाकडे वळतं. पण पहिल्या दिवशी मी बघत राहिलो तिची पाठ. एवढ्या संसारात मी तिची चालती पाठ कधी पाहिलीच नव्हती. मी कायम पुढे. चार पावलं, कधी सहा. बाजारात, दवाखान्यात, कुणाच्या घरी जाताना, ती मागून येते आहे हे मी तिच्या चपलेच्या आवाजावरून समजायचो, आणि आवाज लांब गेला की न वळता थांबायचो. आता दिसलं की तिची डावी टाच जराशी बाहेर पडते. उजवा हात हलतो, डावा कमरेशी जपून धरलेला असतो, बगलेत काही धरल्यासारखा. वर्षानुवर्षं त्या बगलेत तावांचे गठ्ठे होते. मैदानावर मी हजारो पोरांची पावलं पाहिली. कुणाचा गुडघा आत वळतो, कोण टाचेवर आदळतो हे मी प्रशिक्षकांच्या आधी सांगायचो. घरातलं हे पाऊल मला त्या परक्या माणसाच्या बाजूला पडताना कळलं. आणि तो माणूस आपलं लांब पाऊल आखूड करून तिच्या पावलाशी जुळवून चालत होता. त्याला ते जड जात नव्हतं. मी ते एकदाही केलं नव्हतं, आणि कुणी कधी सांगितलंही नव्हतं की करायचं असतं.

मग मी जातच राहिलो. आठवड्यातून तीन दिवस, ती निघाली की पाच मिनिटांनी. परत येताना मधल्या गल्लीतून झपाझप चालत तिच्या आधी घरी, आणि खुर्चीत, वर्तमानपत्र उघडून. ती आली की चेहरा लाल, कपाळावर केस चिकटलेले, डोळ्यांत काहीतरी. मी विचारायचो, "कसं झालं?" "झालं." "काय बोललात?" "काही नाही." हे 'काही नाही' मला खरं वाटायचं नाही. म्हणून पाचव्या आठवड्यात एकदा मी साठाची वीस पावलं केली. झाडांच्या बाजूने, टोपी खाली ओढून. आणि ऐकलं. ते खरंच काही बोलत नव्हते. पूर्ण एक फेरी, पाण्याच्या भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोघांत एक शब्द झाला नाही. फक्त बूट, चार बूट, दोघांचे मिळून एकच आवाज. एकदा तिने हाताने पाण्यावरचा एक पक्षी दाखवला. त्याने मान हलवली. बस. ते बोलत असते, अगदी गोड बोलत असते, तरी मला सोसलं असतं. बोलणाऱ्या माणसांमध्ये शिरता येतं. घरात ती माझ्याशी दिवसभर बोलते, नळ गळतोय, औषध घेतलं का, दिवा बंद करा. मी समजत होतो की हे सगळं बोलणं म्हणजे आमची जवळीक. त्या दिवशी कळलं की तिच्याजवळ एवढी शांतता होती आणि ती मला कधी मिळाली नव्हती. मी विसाची पुन्हा साठ केली. धाप लागली होती, पण चालल्याने नव्हे.

एकीकडे शरीर आपलं काम करत होतं. शरीराला कारण कळत नाही. पोट आत गेलं. जिना चढताना मधल्या कट्ट्यावर थांबायचो ते बंद झालं. पट्ट्याला मी खिळ्याने एक नवं भोक पाडलं. ही म्हणाली, "वाळलात की काय? जेवत नाही का धड?" मी म्हटलं, "वयाने होतं." फॉर्मात शेवटी एक ओळ असायची, 'या आठवड्यात आपण नियमित व्यायाम केला का?' मी लिहायचो, नाही. एवढ्या कष्टाने शिकलेलं अक्षर, आणि मी त्याने दर आठवड्याला एक खोटं लिहीत होतो. तरी मनात आतून कुणी म्हणायचं, व्यायाम कुठे, मी तर नुसता मागे जातो.

बारा आठवडे संपले आणि शेवटच्या तपासणीला बोलावलं. तपासणी सोपी होती. लांब बोळात तीस मीटरवर दोन नारिंगी शंकू ठेवलेले. सहा मिनिटं त्यांच्यामध्ये ये-जा करायची, जमेल तितकं भरभर, पळायचं नाही. किती अंतर झालं ते मोजतात. सुरुवातीच्या तपासणीत माझं चारशे दहा मीटर झालं होतं. बोळात भिंतीला लागून बाक होता, त्यावर ही आणि मास्तर. हिची तपासणी झाली होती. आधीपेक्षा अठ्ठेचाळीस मीटर जास्त. ती मान ताठ करून बसली होती, निकाल लागलेल्या मुलीसारखी. मास्तरांचा नंबर माझ्यानंतर. मुलगी आत घड्याळ आणायला गेली तशी ही पाणी प्यायला गेली आणि बाकावर आम्ही दोघंच राहिलो. ते समोर बघत म्हणाले, "अहो, एक सांगू? रागावू नका. आमचं आयुष्य पावलं ऐकण्यात गेलं. साठ माणसं मागून चालत असली तरी एक जण चुकला की कान टवकारायचे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पहिले काही आठवडे मागचं पाऊल फार बेताल होतं. सातव्या आठवड्यापासून आमच्या तालात आलं." मी म्हटलं, "तिला सांगितलंत?" "नाही. काय सांगायचं? रस्ता सगळ्यांचा आहे." बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही. तेवढ्यात ही रुमालाने तोंड पुसत परत आली.

घड्याळ आलं. मी शंकूपाशी उभा राहिलो आणि तेव्हा मला समोर उभं संकट दिसलं. मी नीट चाललो तर आकडा ओरडून सांगणार की हा माणूस घरी बसलेला नाही. पाय ओढत चाललो तर सगळं झाकून जाईल. चारशे वीस, फार तर तीस, म्हातारं माणूस, नेहमीसारखं. पहिल्या वळणापर्यंत मी ठरवलं होतं की पाय ओढायचे. वळलो आणि समोर बाक आला, बाकावर ती दोघं. तिच्या हातात पाण्याचा पेला, आणि मास्तरांचा एक पाय फरशीवर हलके हलके पडतोय, माझ्या पावलांवर. माझा ताल धरून. त्या पायासमोरून म्हातारा होऊन जाणं माझ्याच्याने झालं नाही. खोटं बोलायची माझी तयारी होती, त्यांच्यापुढे हळू चालायची नव्हती. मी असा चाललो की बोळातल्या सूचना फडफडल्या. "काका, पळायचं नाही," मुलगी दोनदा म्हणाली. सहा मिनिटं झाली. तिने पट्टीने शेवटचं अंतर मोजलं, कागद बघितला, पुन्हा मोजलं. "पाचशे एकवीस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आनंदाचा नव्हता.

ती माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली. डोळ्यांखाली काळं आलेलं, दोन वर्षांचं काम होतं तिचं. "काका, तुमच्या गटात सगळे पाच-दहा मीटर इकडेतिकडे आहेत. तुम्ही एकशे अकरा मीटर जास्त. मला फक्त खरं सांगा, तुम्ही चालत होता का?" मी म्हटलं, "घरातली कामं केली जरा." ती लिहीत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तेव्हा मास्तर बाकावरून म्हणाले, "अहो, त्यांचा मुळातला पाय मैदानावरचा आहे. तीन दशकं तिथे राबलेत. त्या दिवशी तब्येत ठीक नसेल, आज जुना पाय जागा झाला. आमच्यात होतं असं." किती चांगलं बोलले. मुलगी वळून त्यांच्याकडे बघू लागली, विश्वास ठेवायला तयार. ही म्हणाली, "हो, त्या वेळी यांना सर्दी होती खरी." सगळं मिटलं होतं. मी नुसती मान हलवायची होती. पण मग पुढचं सगळं आयुष्य त्या माणसाने राखलेल्या झाकणाखाली काढायचं. हिच्याबरोबरची शांतता त्याची, हिच्या पावलाची जुळणी त्याची, आणि आता माझी अब्रूही त्यानेच जपलेली. हे मला गिळेना. मला खरेपणाचं प्रेम होतं म्हणून मी बोललो असं कुणी समजू नये.

"चाललो," मी म्हटलं. "आठवड्यातून तीन दिवस. दहा आठवडे. यांच्या दोघांच्या मागून. साठ पावलं."

हिने पेला बाकावर ठेवला. मुलीने डोळे मिटून उघडले. मी म्हटलं, "माझं नाव काढून टाका. माझा आकडा धरू नका." ती म्हणाली, "तसं करता येत नाही काका. जो ज्या गटात निघाला तो त्याच गटात मोजायचा, मग त्याने काहीही केलेलं असो. नाहीतर ज्याला त्याला नको ती माणसं काढून टाकता येतील. तुम्ही न चालणाऱ्यांतच राहणार. मी खाली टीप लिहीन." "मग काय बिघडतं?" "तुमच्या गटात सव्वीस जण आहेत. तुमच्या एकट्यामुळे त्यांची सरासरी चारएक मीटरने वर जाते. म्हणजे चालणाऱ्यांचा फायदा तेवढा कमी दिसणार." ही पहिल्यांदा बोलली. "म्हणजे आमचा?" "हो काकू. थोडासा." "चार मीटर," ही म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि मास्तरांकडेही नाही. बोळाच्या टोकाच्या शंकूकडे बघत होती. "बारा आठवडे मी यांच्याकडे काही मागितलं नाही. नाश्ता करून ठेवून जायचे. एक गोष्ट माझी होती." मग तिने मास्तरांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" ते उभे राहिले, वरची गुंडी चाचपली. "आवाज यायचा," ते म्हणाले. "आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत." "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." "दोघांनी मिळून माझी काळजी घेतलीत," ती म्हणाली, आणि पर्स उचलली. "पोरी, टीप नीट लिही. मागून चालत होते असं लिही. नुसतं चालत होते असं नको."

परतताना मी पुढे चाललो नाही. मागे राहायचीही सोय नव्हती. म्हणून फुटपाथच्या कडेने, कधी खांब मध्ये घेत, कधी माणसं, तिच्या साधारण रेषेत चालत राहिलो. ती एकाच गतीने चालत होती आणि तिचं पाऊल कुणाशी जुळत नव्हतं. घरी आल्यावर तिने जेवण वाढलं, दिवा बंद करा म्हणाली, औषध घेतलं का ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बूट घालू लागली. मी म्हटलं, "अगं, संपलं ना ते सगळं." "त्यांचं संपलं." "मास्तर येणारेत?" "कुणी येणार नाही. मी एकटी जाणारे." ती दाराशी थांबली. नाडी वरच्या भोकापर्यंत ओवलेली होती. "मागे येऊ नका," ती म्हणाली. "आणि पुढेही जाऊ नका." मी म्हटलं, "बरं." जिन्यावरून तिची पावलं खाली गेली, डावी टाच जराशी बाहेर, आता मला आवाजावरूनही कळत होतं.

मी खुर्चीत बसलो. वर्तमानपत्र घेतलं नाही. पायांना त्या वेळेला निघायची सवय झाली होती, ते जमिनीवर हलत राहिले, मी त्यांच्यावर हात ठेवले. मुलीने पहिल्या दिवशी जे मागितलं होतं ते मी तेव्हा पहिल्यांदा केलं. काहीच केलं नाही. चाळीस मिनिटं फार मोठी असतात. आता फाटक आलं असेल. आता वळण. आता पाण्याच्या भिंतीजवळ ती पक्षी बघत असेल आणि कुणाला दाखवत नसेल. मी मनातल्या मनातही साठ पावलं मागे राहायचा प्रयत्न केला, पण मनात अंतर मोजता येत नाही, मी सारखा जवळ जात होतो. पंचेचाळीस मिनिटांनी दार वाजलं. ती आत आली, कपाळावर केस चिकटलेले. "भेटलं कुणी?" मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. "नाही," ती म्हणाली आणि पाणी प्यायला गेली, घोट घोट नाही, एका दमात. पेला ठेवून वळली तेव्हा मी तिचा चेहरा नीट पाहिला. तोच लाल रंग, डोळ्यांत तेच काहीतरी, बारा आठवडे दिसत आलेलं, जराही कमी नाही. म्हणजे ते त्या माणसाचं कधी नव्हतंच. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. ती आत जाऊन बुटाच्या नाड्या सोडू लागली, आणि मी तिथेच बसून राहिलो, छातीवर हात ठेवून, जिच्याजवळ आता कुणीच नव्हतं तिचा हेवा करत.